तान अडकली की कॅमेरा बंद

वाचकाचं पत्र:

"मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते आणि दोन वर्षांपासून घरून ऑनलाइन गाणं शिकवते. मुलं ८ ते १४ वयाची आहेत. काही इथलीच, काही पुण्या-बंगळुरूची, दोघी बहिणी न्यू जर्सीला. सगळी मूळ इथल्याच मराठी घरांतली, त्यामुळे बोलणं अर्धं मराठी, अर्धं हिंदी. सुरुवातीला १४ होती, आता ९ उरली. दोन बॅच, आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी एक तास. अडचण अशी की कुणी टिकून राहत नाही. भूप रागातली सोळा मात्रांची एक तान दिली होती. तिसऱ्या तुकड्यावर अडकली की 'ताई, नहीं होगा' म्हणतात आणि कॅमेरा बंद करतात. रियाज विचारला की नेट नव्हतं. दर आठवड्याला नवं गाणं हवं असतं. सगळ्यांत सुरेल गाणारा १३ वर्षांचा मुलगा महिनाभर गप्प आहे. आई म्हणते त्याची आवड संपली. समोर बसवून शिकवायची तेव्हा असं होत नसे. पडद्यावरून चिकाटी शिकवता येते का? की मीच जास्त कडक व्हायला हवं?"

ताई,

कडक होण्याआधी एक चाचणी करा. पुढच्या तासाला एकेका मुलाला आकारात ('आ' म्हणत) नुसता सा लावून ८ सेकंद धरायला सांगा आणि घड्याळ बघा. बऱ्याच मुलांचा आवाज तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला तुटेल, नाहीतर पाण्याखालून आल्यासारखा होईल. मग त्याच मुलाला तोच सा फोनच्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड करून पाठवायला सांगा. रेकॉर्डिंगमध्ये सा सलग ८ सेकंद लागलेला असेल, तर मुलाचा श्वास व्यवस्थित आहे. आवाज कापला तो कॉलने.

कॉलचं अॅप बोलण्यासाठी बनलेलं असतं. एकाच पट्टीत सलग चालणारा आवाज म्हणजे पंखा किंवा मोटार, असं धरून ते तो दाबून टाकतं. तानपुरा सगळ्यांत आधी जातो, लांबवलेला सा त्याच्या मागोमाग. तुम्ही इकडून म्हणता, "श्वास कमी पडतोय." शेजारच्या खोलीतून आई म्हणते, "छान लागला की." मूल जी चूक झालीच नाही ती सुधारायला बघतं, आठवडाभर श्वास ताणतं, आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच ऐकतं. मेहनत केली काय, नाही केली काय, ताई तेच म्हणणार, हे त्याच्या मनात पक्कं बसतं. "नहीं होगा" तिथून सुरू होतं. हा मुलाच्या स्वभावाचा दोष नाही, आणि तुमच्या शिकवण्याचाही नाही.

गाण्यात मूल टिकतं ते एका गोष्टीवर: आपली चूक आपल्याच कानाला ऐकू येणं आणि त्याच बैठकीत ती थोडी तरी सुधारणं. समोर बसवून शिकवताना हे तुम्ही वेगळं काही न करता होत होतं. मूल बाहेरच्या ओटीवर गुणगुणत असायचं, तुम्ही स्वयंपाकघरातून "ध उतरला" म्हणायचात, की ते तिथल्या तिथे सावरायचं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी वासुदेवबुवा जोशींकडून ग्वाल्हेरची गायकी घेतली आणि महाराष्ट्रात नेली, त्या पिढीच्या कष्टांच्या गोष्टी आपण मुलांना कौतुकाने सांगतो. त्या सांगाव्यातच. पण त्या पद्धतीचा खरा जोर शिष्याचा रियाज सतत गुरूच्या कानावर पडत असे, यात होता. ऑनलाइनमध्ये रविवारचा तास संपला की गुरुवारपर्यंत मुलाचं गाणं कुणाच्याच कानावर पडत नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही. पुढे जे सांगतो आहोत ते सगळं रियाज पुन्हा कानाच्या टप्प्यात आणण्यासाठी आहे.

आधी आवाजाची जोडणी. झूम वापरत असाल तर ऑडिओ सेटिंगमध्ये 'ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स' हा पर्याय आहे. तो चालू केल्यावर मीटिंगच्या पडद्यावर त्याचं बटण येतं, तेही चालू आहे ना हे दर तासाला बघावं लागतं. मोबाइलवरही असाच पर्याय मिळतो. हमखास होणारी चूक म्हणजे शिक्षक तो फक्त स्वतःच्या फोनवर चालू करतात. ज्याच्याकडून आवाज निघतो त्याच्याकडे हा पर्याय लागतो. म्हणजे मुलाचा आवाज तुम्हाला नीट यायचा असेल तर मुलाच्या फोनवर तो चालू हवा. नऊ घरांत हे बसवायला एक पूर्ण दिवस जाईल. त्या दिवशी गाणं शिकवू नका, एकेका घराला दहा मिनिटं द्या आणि पालकांना समोर बसवून करून घ्या.

इयरफोन वायरचा हवा. ब्लूटूथमध्ये आवाज आणखी शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि कॉलवर माइक चालू झाला की आवाजाचा दर्जाही घसरतो. इयरफोन एकाच कानात घालायला सांगा. दोन्ही कान बंद झाले की मूल स्वतःला नीट ऐकत नाही आणि ओरडून गातं. फोन स्टँडवर, तोंडापासून फूट-दीड फुटावर, थोडा बाजूला. तानपुरा दुसऱ्या फोनवर किंवा तानपुऱ्याच्या पेटीवर, मुलाच्याच खोलीत, दोन-तीन फुटांवर, हळू आवाजात. तुमच्याकडचा तानपुरा मुलाला पाठवत बसू नका. नेटवरून पोचेपर्यंत त्यात काही उरत नाही.

एक अडचण आपल्याकडची. ओरिजिनल साउंड चालू केला की पंखा आणि कूलरही तितकेच स्पष्ट ऐकू येतात, आणि ग्वाल्हेरच्या मे महिन्यात कूलर बंद करा असं कुणाला सांगता येत नाही. इथल्या मुलांचा तास एप्रिल ते जून सकाळी साडेसहा-सातला घ्या, कूलर लागायच्या आत. तेही जमत नसेल तर कूलर मुलाच्या पाठीमागे ठेवू नका, फोनच्या मागे ठेवा आणि फोन एक फुटावर आणा.

आता लय. कॉलवर आवाज एका बाजूने दुसरीकडे पोचायला साधारण १५० ते ३०० मिलिसेकंद लागतात. तीनताल मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची होते. तुम्ही समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टाळी दिली, ती २५० मिलिसेकंदांनी मुलापर्यंत गेली, त्याने ती ऐकून सम धरली, आणि त्याचा आवाज आणखी २५० मिलिसेकंदांनी तुमच्याकडे आला. तोवर पूर्ण मात्रा गेलेली असते. मूल बरोबर असतं आणि तुम्ही म्हणता, "लय सुटली." म्हणून ऑनलाइन तासात टाळी तुम्ही द्यायची नाही. ठेका मुलाच्या खोलीत, त्याच्याच तबला अॅपवर लावा, म्हणजे मूल ठेक्याशी जुळलेलं तुमच्यापर्यंत येईल. दोघांनी एकत्र गायचं नाही, कधीच नाही. सगळ्यांना एकत्र गाऊन घ्यायचं असेल तर सगळ्यांचे माइक बंद, तुमचा एकटीचा चालू. मुलं तुमच्याबरोबर गातील, तुम्हाला ती ऐकू येणार नाहीत, आणि त्या पाच मिनिटांपुरतं ते चालेल.

बॅचची मांडणीही बदला, असं आम्ही आग्रहाने सांगू. पाच मुलांच्या एका तासात प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं येतात आणि उरलेली पन्नास मिनिटं मूल कॅमेऱ्यामागे दुसरंच काही करत असतं. नऊ मुलांचे तीन-तीनचे गट करा. प्रत्येक गटाला आठवड्यातून दोनदा अर्धा तास. तुमचे आत्ता आठवड्याला चार तास जातात, या मांडणीत तीन जातील. उरलेला तास कशाला, ते पुढे येतं. अर्ध्या तासातली पहिली चार मिनिटं सा आणि एक अलंकार (ठरावीक क्रमाने गायची स्वरांची मालिका), माइक बंद ठेवून. मग प्रत्येकाला सहा मिनिटं. एक गात असताना बाकीच्या दोघांनी कॅमेऱ्यासमोर हात ठेवायचा आणि चूक ऐकू आली की बोट वर करायचं. बोलायचं नाही. मग पाच मिनिटं नवं काही. आणि शेवटची तीन मिनिटं उद्याचा रियाज नेमका काय, हे मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. "भूप करीन" असं नाही. "ताल लावून, ६० च्या लयीत, शेवटचे दोन तुकडे पाच वेळा", असं. सांगता आलं नाही तर रियाज होणार नाही, हे तिथेच कळतं.

न्यू जर्सीच्या बहिणींचं थोडक्यात: तिथे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ बदलतं. आपल्या संध्याकाळच्या साडेसहाला उन्हाळ्यात तिथे सकाळचे नऊ, हिवाळ्यात आठ. थंडीत त्या जड आवाजाने आणि झोपेत बसतात, त्याला आळस म्हणू नका. तास तासभर पुढे सरकवा.

तो वाचलेला एक तास रेकॉर्डिंगसाठी. प्रत्येक मुलाने आठवड्यात तीन रेकॉर्डिंग पाठवायची, प्रत्येकी जास्तीत जास्त ९० सेकंद, तानपुऱ्यासह. नऊ मुलांची २७ होतात. दीड मिनिट ऐकणं आणि अर्धा मिनिट बोलून उत्तर, म्हणजे आठवड्याला ५४ मिनिटं. रोज दहा मिनिटांच्या आत बसतं. उत्तर २४ तासांच्या आत गेलं पाहिजे. चार दिवसांनी गेलेल्या उत्तराचा उपयोग नाही, तोवर मुलाने तीच चूक चार दिवस घोटलेली असते.

पाठवण्याआधी मुलाने ते एकदा पूर्ण ऐकायचं आणि खाली एक ओळ लिहायची: कुठे बिघडलं असं मला वाटतं. ही ओळ रेकॉर्डिंगपेक्षाही महत्त्वाची आहे. पहिले दोन आठवडे मुलं लिहितील, "सब ठीक है." तेव्हा तुम्ही चूक सांगू नका. "३५ व्या सेकंदापासून ४० पर्यंत पुन्हा ऐक आणि परत लिही," एवढंच. तिसऱ्या आठवड्यापासून "ध थोडा नीचे गया" असं येऊ लागलं की तुमचं निम्मं काम झालं. मग ते मूल बुधवारी कुणी ऐकत नसतानाही ध सावरून घेतं.

यात बिघडतं ते असं. साध्या व्हॉइस नोटमध्ये रेकॉर्ड करायला गेलं की अनेक फोनवर तानपुऱ्याचं अॅप बंद पडतं, आणि आवाजही दाबला जातो. म्हणून रेकॉर्डर अॅपवर करून फाइल पाठवायची. दुसरं, काही मुलं पंधरा-पंधरा वेळा रेकॉर्ड करतात, रडकुंडीला येतात आणि मग पाठवतच नाहीत. काही घरांत आईच "अजून एकदा, नीट" करत बसते. यावर नियम एकच ठेवा: दोनदाच रेकॉर्ड करायचं आणि दुसरं पाठवायचं, जसं असेल तसं. पालकांना हा नियम आधी सांगा, मुलांना नंतर.

आता तुमची ती तान. पत्रात तानेचे बोल नाहीत, पण सोळा मात्रांची भूपातली तान बहुधा अशी काहीतरी असणार: सारेगप धसांधप गपधप गरेसाऽ. चार तुकडे, शेवटी एक ठहराव. दुगुनीत, म्हणजे एका मात्रेत दोन स्वर घेतले की, आठ मात्रा होतात, म्हणजे तीनतालाच्या नवव्या मात्रेला, 'खाली'च्या जागी, उचलली की सरळ समेवर येते. मूल अडकतं ते धसांधप झाल्यावर, कारण तिथून खाली गवर येऊन लगेच पुन्हा वर वळायचं असतं. मुलं दर वेळी सापासून सुरुवात करतात आणि तिसऱ्या तुकड्यावर पडतात. म्हणजे सारेगप शंभर वेळा घोटलं जातं आणि गरेसा पाच वेळाही नाही. सर्वांत कच्चा भाग सर्वांत कमी गायला जातो, आणि प्रत्येक प्रयत्नाचा शेवट अपयशात होतो. अशा तानेला कुठलंही मूल कंटाळेल.

ती उलटी शिकवा. पहिल्या दिवशी फक्त गरेसाऽ आणि सम. दुसऱ्या दिवशी गपधप गरेसाऽ आणि सम. मग धसांधप पासून, शेवटी सापासून. दर वेळी मूल अनोळखी भागातून ओळखीच्या भागाकडे जातं आणि दर वेळी समेवर पोचतं. 'पोचलो' ही जाणीव दिवसातून पाच वेळा मिळते. सुरुवात मिनिटाला ६० मात्रांच्या बरोबरीत करा, एका मात्रेला एक स्वर. मग ७०, ८०, ९०, असं १२० पर्यंत. १२० ची बरोबरी म्हणजे ६० ची दुगुन, स्वरांचा वेग तोच. हे मुलांना मोजून दाखवा. "दुगुन" या शब्दाची धास्ती तिथेच जाते, कारण दुगुन तर आधीच गाऊन झालेली असते.

लय कधी वाढवायची, यासाठी पाचचा हिशेब ठेवा. एका लयीत पाच वेळा गायचं. पाचपैकी चार किंवा पाच बरोबर आले की लय १० ने वाढवायची. तीन आले तर तीच लय उद्या पुन्हा. दोन किंवा त्याहून कमी आले तर लय वाढवणं सोडा, २० ने खाली आणा किंवा तुकडा अर्धा करा. आकडे मुलाच्या वहीत: तारीख, लय, पाच ठिपके, बरोबर आलेल्यांवर गोल. किती मिनिटं रियाज केला हे लिहायला लावू नका. मिनिटं मोजायला सांगितली की मूल घड्याळ बघत मिनिटं भरतं. ७० वरून ८० वर गेलेला आकडा मात्र त्याचा स्वतःचा असतो, तो त्याला कुणी समजावून सांगावा लागत नाही.

अलंकारांनाही हेच लागू. सारेगम, रेगमप, गमपध, मपधनी, पधनीसां आणि परत उतरताना पाच तुकडे, असे ४० स्वर होतात. ६० च्या लयीत ४० सेकंद. पाच वेळा म्हटलं तरी साडेतीन मिनिटांच्या आत संपतं. मुलाला "रोज अर्धा तास रियाज" हे डोंगराएवढं वाटतं. साडेतीन मिनिटांचा अलंकार, पाच मिनिटं तानेचा एकच तुकडा, तीन मिनिटं बंदिशीची स्थायी ठेक्यावर, असं मिळून बारा मिनिटांचं काम रोज होऊ शकतं. आठवड्यातून एकदा दीड तास गाण्यापेक्षा सात दिवस बारा मिनिटं अधिक मुरतात, कारण मधल्या प्रत्येक रात्रीनंतर मुलाला ते पुन्हा आठवून काढावं लागतं.

एक गोष्ट तुमच्या बाजूची. मूल चुकलं की लगेच बरोबर गाऊन दाखवायची आपल्या सगळ्या गाणाऱ्यांना सवय असते. समोर बसलेल्या मुलाला ती फारशी बाधत नाही. ऑनलाइन मात्र मूल त्याची वाटच बघत बसतं. मूल थांबलं की मनात पाच मोजा. पडद्यावर पाच सेकंद फार लांब वाटतात, तरी मोजा. मग विचारा, "कुठे बिघडलं?" उत्तर आलं नाही तर जागा दाखवा: "धच्या नंतर ऐक." तरीही जमलं नाही तर फक्त ते दोन स्वर गाऊन दाखवा, अख्खी तान नको. "नहीं होगा" आलं तर समजूत घालू नका, रागावूही नका. शांतपणे "बरं, कुठपर्यंत होतं?" म्हणा. "गपधप तक." मग तिथून एक पायरी मागे या आणि ती पाचदा गाऊन घ्या. तास त्या मुलाच्या बरोबर आलेल्या पायरीवर संपला पाहिजे, अर्धवट पडलेल्यावर नाही. कॅमेऱ्याचा आग्रह गाणाऱ्या मुलापुरता ठेवा आणि फोन असा ठेवायला सांगा की चेहऱ्याऐवजी हात आणि वही दिसेल. चुकताना स्वतःचा चेहरा पडद्यावर बघायला लागणं मोठ्यांनाही जड जातं, बारा वर्षांच्या मुलीला तर फारच.

शाबासकी देताना "वा, छान", "किती हुशार" याने काही पोचत नाही. "सोमवारी ७० ला तीन आले होते, आज ८० ला चार आले," हे पोचतं. "सां वरून उतरताना धवर थांबला नाहीस," हे पोचतं. आणि खरोखर बरोबर आलं नसेल तर छान म्हणू नका. मुलाने स्वतःचं रेकॉर्डिंग ऐकलेलं असतं, त्याला कळतं, आणि मग तुमच्या पुढच्या शाबासकीवरचा त्याचा विश्वास जातो.

रोजच्या रियाजाला स्टिकर देणारी अॅपं आणि तक्ते वापरावेसे वाटतील. त्यात एक धोका आहे. २३ दिवसांची सलग साखळी एका लग्नाने किंवा तापाने तुटली की मूल "आता काय उपयोग" म्हणून पूर्ण सोडतं. त्याऐवजी आठवड्याला पाच दिवस ठरवा आणि त्यातले चार झाले तरी आठवडा पूर्ण धरा. शाळेच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात हे दरवर्षीचंच आहे. जानेवारीतच 'परीक्षेचा रियाज' जाहीर करा: सा आणि एक अलंकार, तीन मिनिटं, तास बंद. महिनाभर पूर्ण सुट्टी दिली तर परत बसणं मुलाला अवघड जातं. परतल्यावर लय जिथे सोडली होती तिथून २० ने खाली सुरू करा आणि हे मुलाला आधी सांगा, नाहीतर पहिल्याच दिवशी तो म्हणेल, "सब भूल गया."

नव्या गाण्याच्या हट्टाला इतकं वाईट समजू नका. मुलाला पुढे जातोय असं वाटायला हवं असतं, आणि गाणं बदललं की तसं वाटतं. राग आणि ताल तोच ठेवा, चीज, म्हणजे त्यातली रचना, बदला. भूपातली बंदिश दोन महिने चालू असेल तर मध्ये भूपातलंच सरगमगीत द्या, मग छोटा तराणा. मुलाला तीन गाणी मिळतात आणि तुम्हाला तोच ध तीन वाटांनी घोटून मिळतो. नवी चीज सुरू करण्याची अटही आकड्यात सांगा: जुन्याची स्थायी-अंतरा ठेक्यावर, सम न चुकता, सलग दोन रेकॉर्डिंगमध्ये. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक किंवा प्रवेशिका प्रथमला बसवायचं असेल तर सहा महिने आधी ठरवा. परीक्षा समोर आहे म्हणून शेवटचे तीन आठवडे रियाज वाढतो आणि निकालानंतर मूल गायब होतं, हे टाळायला परीक्षेच्या दुसऱ्याच आठवड्यापासून नवा राग सुरू असला पाहिजे.

पालकांचं काम तीनच गोष्टींचं: फोन स्टँडवर लावणं, तानपुरा योग्य पट्टीत सुरू करून देणं, आणि बारा मिनिटं त्या खोलीत टीव्ही नाही. सूर चुकला हे त्यांनी सांगायचं नाही, त्यांना गाणं येत असलं तरी. लष्कर भागातल्या आपल्या घरांत आजी-आजोबा गाणं जाणणारे असतात आणि प्रेमानेच बोलतात, पण मुलाला दोन गुरू झाले की ते दोघांपासूनही लपतं. आजोबांना हवं असेल तर आठवड्यातून एकदा वही बघून "८० वर आलास?" एवढं विचारू द्या.

समूहात आणि वेळापत्रकाने गाणं शिकवण्याचा प्रयोग ग्वाल्हेरला नवा नाही. १९१८ मध्ये संगीताचे अभ्यासक भातखंड्यांनी ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने इथे माधव संगीत विद्यालय काढलं, तेव्हाही वर्गात गाणं शिकवता येईल का, हाच प्रश्न होता. वर्गात आलेल्या मुलाला स्वरलेखनाची वही मिळाली, म्हणजे घरी गेल्यावर बघायला काहीतरी राहिलं. ऑनलाइनच्या मुलाला वहीबरोबर त्याचं स्वतःचं रेकॉर्डिंग द्या. प्रत्येकाचं पहिल्या आठवड्यातलं रेकॉर्डिंग तुमच्याकडे जपून ठेवा आणि सहाव्या आठवड्यात, आजचं ऐकवल्यानंतर, लगेच ते लावा. काही बोलू नका, मुलाला बोलू द्या. मात्र हे दर आठवड्याला करू नका, फरक कानाला कळण्याइतका वेळ मध्ये जायला हवा.

राहिला तो १३ वर्षांचा मुलगा, आणि आमच्या मते पहिला फोन त्यालाच करायला हवा. त्याची आवड संपली असेलही, पण या वयात सुरेल मुलगा अचानक गप्प होतो तेव्हा आधी आवाज फुटतोय का ते बघावं. कालपर्यंत काळी चारमध्ये (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून) सहज लागणारा तार सा आज फाटतो, आणि तोही सगळ्या लहान मुलींसमोर, कॅमेऱ्यावर. तो गप्प नाही बसणार तर काय करणार? आईशी नको, त्याच्याशीच बोला, एकट्याशी. आवाज बदलतो आहे, हे दोष नाही, वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, हे सरळ शब्दांत सांगा. मग त्याला हळू आवाजात खाली-खाली उतरायला सांगा, आणि ताण न देता लागणारा सगळ्यांत खालचा स्वर मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) धरून त्यावरून नवा सा ठरवा. तो काळी एक-दोनच्या आसपास येईल, कदाचित मधेच कुठेतरी. दर तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा. सध्या मंद्र पंचम ते मध्य पंचम एवढीच धाव, दहा मिनिटं, जोर न लावता, तार सप्तक पूर्ण बंद. त्याचं रेकॉर्डिंग फक्त तुमच्याकडे. बाकीच्या वेळात हातावर तीनताल आणि झपताल, आणि दर आठवड्याला एका बंदिशीचं स्वरलेखन ऐकून लिहून काढायचं. कान तयार आहे त्याचा, ते काम त्याला आवडेल. पहिल्या फोनला पाच मिनिटांपेक्षा जास्त बोलू नका. तानपुरा काळी दोनमध्ये लावून ठेवा आणि त्याला म्हणा, "आज फक्त सा शोधू या."